नामदेवचरित्र : श्रद्धा, इतिहास आणि एकच गज

श्रीसंत नामदेवमहाराजांच्या चरित्राविषयी काही ना काही वाद झाला नाही, असे घर आपल्या ज्ञातीत विरळाच. जन्म नरसीचा की पंढरपूरचा, समाधी महाद्वारी की घुमानास, गाथेतील अमुक अभंग महाराजांचा की दुसऱ्या कोणाचा, हे प्रश्न निघाले की वडीलधारी मंडळी परंपरेस चिकटून राहतात, शिकलेली मुले इतिहासाचे नाव घेतात, आणि दोन्ही पक्ष मन दुखावूनच उठतात. ज्या पुरुषाच्या नावाने ज्ञाती एकत्र येते, त्याच्याच चरित्रावरून बापलेकांत दुरावा पडावा, ही गोष्ट उपेक्षा करण्याजोगी नव्हे. म्हणून या वादांत इतिहासाचा भाग कोणता, श्रद्धेचा कोणता, आणि आग्रही श्रद्धावंताशी बोलावे कसे, याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

परंपरेप्रमाणे महाराजांचा जन्म शके ११९२ (सन १२७०) मधील आणि समाधी शके १२७२ (सन १३५०) मधील होय. ज्ञानेश्वरमहाराजांनी शके १२१८ (सन १२९६) मध्ये समाधी घेतली. तेव्हा दोघे समकालीन व तीर्थयात्रेतील सोबती ठरतात. परंतु डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी सन १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे मत मांडले की, नामदेवांच्या अभंगांची मराठी ज्ञानेश्वरीहून बरीच अर्वाचीन दिसते, यास्तव ते सुमारे शतकभर नंतरचे असावेत. हे मत खरे मानले तर ज्ञानदेवांचा सहवास गेला, आणि समाधिप्रसंगाचे ते हृदयद्रावक अभंग डोळ्यांनी पाहिलेल्याचे उरले नाहीत. भाविकांस याचा धक्का बसावा हे स्वाभाविकच होते. पण 'यांना भक्ती काय ठाऊक?' एवढे म्हटल्याने उत्तर होत नाही. शिवाय प्रार्थनासमाजाच्या त्या निष्ठावंत उपासकावर तो आरोप अन्यायाचाही होता.

खरे उत्तर इतिहासाच्याच मार्गाने मिळाले. ज्ञानेश्वरी हा ग्रंथ पोथीरूपाने जपला गेला आणि एकनाथमहाराजांनी शके १५०६ (सन १५८४) मध्ये त्याची शुद्ध प्रत सिद्ध केली. नामदेवांचे अभंग मात्र मुख्यतः कीर्तनात, वारीत, लोकांच्या जिभेवर वाढले. जे रोज गायिले जाते त्याची भाषा गाणाऱ्यांच्या पिढीबरोबर पालटते. तेव्हा अभंगांच्या भाषेचे वय हे अभंगकर्त्याचे वय नव्हे. भांडारकरांच्या अनुमानाचा मुख्य आधार यामुळे बराच ढिला पडतो.

हे ऐकून श्रद्धावंतास समाधान वाटते. परंतु येथेच त्याची खरी परीक्षा आहे. अभंग जिभेवर वाढले हे एकदा मान्य केले, म्हणजे त्यांत इतरांची भर पडली असेल हेही मान्य करावे लागते. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा दुसरा कवी होऊन गेला. त्याची रचना नामदेवांच्या गाथेत मिसळली, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. 'विष्णुदास नामा' ही मुद्रा असलेला प्रत्येक अभंग नेमका कोणाचा, हे ठरविणे सोपे नाही. पण छापील गाथेतील सारेच अभंग एका हातचे, असा आग्रह धरता येत नाही. जो पुरावा आपल्या सोयीचा असता स्वीकारला, तोच गैरसोयीचा झाला म्हणून टाकावयाचा नाही. आपण गज वापरणारी माणसे आहोत. कापड घरचे असो वा गिऱ्हाइकाचे, गज एकच असतो.

हाच न्याय पंजाबच्या प्रश्नास लागू आहे. सन १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. तेथे कवी स्वतःस 'छीपा' म्हणवितो. त्या बाजूस तो शब्द कापडावर छापकाम करणाऱ्यास लावतात. एवढ्यावरून कोणी म्हणतात की तो नामदेव निराळा. उलट गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथील भाविक सांगतात की महाराजांनी देह ठेविला तो तेथेच. पंढरपूरच्या महाद्वारीची पायरी ज्याने मस्तकाने शिवली आहे, त्यास हे कसे मानवेल? निर्णायक असा समकालीन पुरावा दोन्हीकडे नाही; म्हणून इतिहासाने येथे थांबावे आणि दोन्ही परंपरा नोंदवून ठेवाव्या. सन २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले, ते हा वाद मिटवून नव्हे. वाद शिल्लक असताही माणसे एकत्र येऊ शकतात, हेच त्याने दाखविले.

आता चमत्कारांविषयी. देवाने नामदेवाच्या हातचे दूध प्राशन केले की नाही, हा प्रश्न इतिहासाच्या दरबारात नेण्याचे कारणच नाही. तो भक्ताचा व देवाचा खाजगी व्यवहार आहे. परंतु देऊळ फिरल्याच्या कथेत इतिहासाचेही काही आहे. औंढा नागनाथ येथे नंदी देवळाच्या पाठीमागे आहे, हा भाविकांस पुरावा वाटतो. नंदी कोठे आहे हे दगड सांगतो, का आहे हे सांगत नाही. मात्र ही कथा महिपतींनी सन १७६२ मध्ये भक्तविजय पूर्ण करण्याच्या कितीतरी आधीची आहे. आदिग्रंथातील एका पदात ती आहे. औंढ्याचे नाव त्यात नाही; पण हीन जातीचा म्हणून भक्ताला हात धरून देवळातून उठविले, आणि मग देऊळ त्याच्याकडे वळले, असे तेथे स्पष्ट आहे. दगड फिरला की नाही यावर आपण तावातावाने भांडतो, आणि माणसाला बाहेर घातले, ही गोष्ट दोन्ही पक्ष विसरतात. आपल्या मुलांस प्रथम सांगावयाची गोष्ट आमच्या मते तीच होय.

तेव्हा आग्रही श्रद्धावंताशी बोलताना काही पथ्ये पाळावी. कीर्तनात वा सभेत त्याचा मुखभंग करू नये. चारचौघांत हरलेला मनुष्य घरी जाऊन अधिकच हट्टास पेटतो. 'हे खोटे' असे म्हणण्याऐवजी 'हे प्रथम कोठे लिहिलेले आढळते?' असे विचारावे. त्याच्या घरी जुनी पोथी वा अभंगाची वही असेल तर ती आदराने पाहावी. पुष्कळदा आग्रही माणसानेच ती जपलेली असते. त्याचा मुद्दा खरा निघाला तर तो मोकळेपणे मान्य करावा. मात्र ज्ञातीच्या नावाने जे छापावयाचे, त्यात सौजन्यापोटी सत्याचा संकोच होऊ देऊ नये. जे कागदावरून सिद्ध आहे ते तसे लिहावे, जे परंपरेने आले ते 'परंपरा असे मानते' म्हणून लिहावे, आणि जे ठरलेले नाही ते न ठरलेलेच ठेवावे.

अशाने महाराजांचे महत्त्व उणे होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. भीमातीराहून निघालेल्या एका शिंप्याची वाणी परभाषेच्या धर्मग्रंथात मानाने विराजमान झाली, हे कोणत्याही गजाने मोजले तरी तेवढेच भरते.