जावजींचे घराणे : मुखपृष्ठावर उमटलेली वंशावळ

निर्णयसागर छापखान्याचे एखादे जुने संस्कृत पुस्तक हाती आले, तर ग्रंथाआधी मुखपृष्ठाचा तळ वाचावा. तेथे एका कारागीर घराण्याचा इतिहास छापलेला आहे.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ चा, घर गरिबीचे. शाळा फारशी लाभली नाही. कोवळ्या वयात ते मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर लागले. काम खिळे घासण्याचे. साच्यातून निघालेल्या शिशाच्या खिळ्याला कंगोरे राहतात; ते घासून साफ केले नाहीत, तर ओळ सरळ बसत नाही. देवनागरीत हे दुखणे अधिक, कारण मूळ अक्षरांखेरीज मात्रा, रफार, जोडाक्षरे असा मोठा संसार असतो. ख्रिस्ती धर्मपुस्तके छापणाऱ्या त्या छापखान्यात हा मुलगा अक्षराचे अंग बोटांनी शिकला. पुढे त्याच बोटांच्या पुण्याईवर संस्कृत काव्यशास्त्र युरोपातील विद्यापीठांपर्यंत गेले!

१८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. सोबत होते स्नेही राणोजी रावजी आरू. पोलादी पंचावर अक्षर उलटे कोरण्याची कला राणोजींची. निर्णयसागरी अक्षराचे जे देखणेपण आपण वाखाणतो, त्याचे मोठे श्रेय त्यांचे. पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर प्रकाशक आणि मुद्रक असतात, पंच कोरणारा नसतो. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांच्या संपादनाखाली मुलांचे ‘बालबोध’ मासिक निघाले, १८८६ पासून ‘काव्यमाला’.

१८९२ मध्ये जावजी वारले. त्यानंतर मुखपृष्ठांवर पुत्राचे नाव येते : तुकाराम जावजी. ‘चौधरी’ हे आडनाव तेथे नाही. खिळे घासणाऱ्या बापाचे नाव हीच घराण्याची ओळख. पुढे १९२०-३० च्या दशकांत ‘पांडुरंग जावजी’. आणि १९४० च्या दशकातील पुस्तकांवर, काळबादेवीच्या कोलभाट लेनच्या पत्त्यासह, प्रकाशक म्हणून एका स्त्रीचे नाव : सत्यभामाबाई पांडुरंग. शेजारी मुद्रक, रामचंद्र येसू शेडगे.