सापाच्या पेटीतली फांदी

बत्तीस शिराळ्याची जुनी नागपंचमी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना मडकी नक्की आठवतील. सणाआधी रानातून धरलेला नाग मडक्यात ठेवायचा आणि तोंडाला फडकं बांधायचं, अशी तिथली रीत होती. उच्च न्यायालयाने २००२ मध्ये जिवंत नागांच्या पूजेला मनाई केली, आणि मडक्यांचा तो प्रकार मागे पडला. पण पार तमिळनाडूत, चेन्नईच्या दक्षिणेला वडनेम्मेली येथे इरुळा जमातीची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे, तिथे आजही साप मडक्यातच राहतात. तळाला वाळू आणि तोंडावर सुती कापड. विष काढायचं, पोटावरचा खवला कातरून खूण करायची आणि काही आठवड्यांनी साप पुन्हा रानात सोडायचा.

शिराळकर आणि इरुळा यांनी हे एकमेकांकडून घेतलेलं नाही. दोघांनी ते सापाकडून घेतलं. सापाला अंधार हवा, गारवा हवा आणि अंगाला सगळीकडून टेकणारी भिंत हवी. मडक्यात हे तिन्ही आयतं मिळतं. अडचण एकच : आतला साप बाहेरच्याला दिसत नाही. सापाच्या काचपेटीत फांदी आणि झाड का आलं, याचा उगम या एका अडचणीत आहे.

काचेमागे हिरवळ वाढवण्याची सुरुवात अपघाताने झाली. पूर्व लंडनमधले डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ मध्ये पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून बाटली बंद केली. पतंगाची वाट पाहता पाहता मातीतून नेचा आणि गवत उगवलं, आणि पाणी न घालता टिकलंही. आतली वाफ काचेवर जमायची, ओघळून पुन्हा मातीत मुरायची. या शोधातून ‘वॉर्डची पेटी’ जन्मली. पुढे याच पेट्यांतून चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आली. झाडं ठेवण्याच्या काचपेटीची सुरुवात एका किड्यासाठी झाली, ही गंमतच.

वीस वर्षांनी, १८४९ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचं घर लोकांसाठी खुलं झालं. तिकीट काढून आलेल्याला अजगर दिसलाच पाहिजे, ही तिथली पहिली अट. बिळात शिरलेला साप तिकिटाचे पैसे वसूल करून देत नाही. उंचावर, उजेडात, काचेच्या समोर प्राणी बसवायला फांदीइतकं सोयीचं काही नव्हतं. थोडक्यात, फांदी पिंजऱ्यात आली ती बघ्यांच्या सोयीसाठी.

प्राण्याच्या बाजूने विचार करायला विसावं शतक उजाडावं लागलं. लंडनमधल्याच जोन प्रॉक्टर या तरुण अभ्यासक बाईंनी १९२७ च्या नव्या सर्पगृहाची आखणी करताना एकाच पिंजऱ्यात उबदार आणि थंड असे वेगवेगळे भाग केले. प्राण्याने हवं तेव्हा उबेला यावं, नको तेव्हा सरकावं. पुढे स्वित्झर्लंडचे हायनी हेडिगर यांनी १९४२ च्या ग्रंथात हीच गोष्ट सिद्धान्त म्हणून मांडली : पिंजरा किती मोठा यापेक्षा त्यात काय आहे, हे अधिक महत्त्वाचं. आडोसा नसलेल्या मोठ्या खोलीत प्राणी घाबरलेलाच राहतो.

या कुळकथेतला आपल्याकडचा एक टप्पा म्हणजे चेन्नईजवळचं तांबरम. तांबरमहून वेलाचेरीकडे निघालं की सेलैयूर लागतं. आज तिथे इमारती आणि दुकानं आहेत. १९७० च्या सुमारास ते गाव होतं. रोम्युलस व्हिटेकर यांनी आपलं पहिलं सर्पोद्यान इथे थाटलं. जन्म न्यूयॉर्कचा, बालपण मुंबईत, शाळा कोडाईकनालला, सापांचं शिक्षण फ्लोरिडातल्या बिल हास्ट यांच्याकडे, असा हा माणूस. सेलैयूरच्या आसपास काटेरी झुडपांचं कोरडं रान होतं.  तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या आवारात त्या रानाचा तुकडा अजून शाबूत आहे. १९७२ मध्ये सर्पोद्यान गिंडीला, शहराच्या आत हललं आणि मग लोकांची रीघ लागली.

व्हिटेकरांचे खरे गुरू इरुळा. पूर्वी ही माणसं कातड्यासाठी साप मारून पोट भरत. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९७६ मध्ये सापाच्या कातड्याची निर्यात बंद झाली, आणि १९७८ मध्ये सुरुवातीला सांगितलेली विषाची सहकारी संस्था उभी राहिली. जमिनीवरचा माग, बिळाच्या तोंडाशी पडलेली कात, उंदराचं कोणतं बीळ वापरात आहे, हे इरुळा नुसत्या नजरेने सांगतात. साप कुठे राहतो हे ज्याला कळतं, त्यालाच पिंजऱ्यात काय ठेवायचं ते कळतं.

तांबरमपासून पाच-सहा किलोमीटरवर वंडलूरचं अरिग्नर अण्णा प्राणिसंग्रहालय आहे. १८५५ मध्ये एडवर्ड बाल्फोर यांनी मद्रासच्या वस्तुसंग्रहालयात सुरू केलेला प्राणिसंग्रह १९८५ मध्ये इथल्या राखीव जंगलाच्या कडेला मोठ्या जागेत आला. गजांऐवजी खंदक, फरशीऐवजी माती आणि झाडं, ही नवी मांडणी इथे मोठ्या प्रमाणावर दिसली. पुण्यात १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं, तेव्हा काचेमागचा साप मराठी शाळकरी पोरांच्याही ओळखीचा झाला.

आता फांदी प्राण्याच्या काय कामाची, ते जवळून पाहू. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधाळ होतात. मग ते निवळतात आणि साप नाकाडाची कड खरबरीत सालीवर घासू लागतो. ओठापाशी कात सुटली की तो फांदीच्या बेचक्यातून पुढे सरकतो आणि मोजा उलटा काढावा तशी सबंध कात मागे राहते. गुळगुळीत प्लॅस्टिकवर हे जमत नाही. कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि शेपटीच्या टोकाला किंवा डोळ्यावर पापुद्रा अडकून बसतो. घोयरा सरड्याची पाच बोटं दोन आणि तीन अशा जुडग्यांत वाटलेली असतात. ती पकडण्यासाठीच घडली आहेत. सपाट जमिनीवर तो अडखळतो. वाटीतल्या पाण्याकडेही त्याचं सहसा लक्ष जात नाही, पानावरचे थेंब मात्र चाटून पितो. हरणटोळाचंही तेच. या दोघांसाठी पान म्हणजे पाणवठा.

पण सगळ्यांनाच झाड लागतं असं नाही. कोकणातल्या सड्यावरचं फुरसं दगडाखाली बसतं. त्याच्या पेटीत रोज पाणी घालायची कुंडी ठेवली, तर ओलीने पोटाचे खवले सडतात. मांडूळ मातीत तोंड खुपसून राहतं. त्याला भुसभुशीत माती द्या, वेल नको. चेन्नईसारख्या दमट हवेत तर हिरवळीचा सोस आणखी महागात पडतो. पेटी सुंदर दिसते, आतला जीव कुजत असतो.

प्राणिसंग्रहालयातून पेटीत फांदी ठेवायची पद्धत हौशी माणसांच्या घरी आली. जाणते लोक काही नियम पाळतात. फांदी वाळलेली, चीक न येणारी घ्यावी. पेरूची टणक आणि बेचक्यांची असते. ब्रशने घासावी, उकळतं पाणी ओतावं, कडक उन्हात वाळवावी. प्राण्याचं वजन पेलेल इतकी जाड हवी आणि भिंतीला पक्की बसवावी, नुसती टेकवू नये. नर्सरीतल्या रोपावर औषध फवारलेलं असतं, म्हणून माती बदलून ते काही आठवडे बाहेर ठेवावं. इग्वानासारखा पाला खाणारा प्राणी असेल तर जास्वंद चालते. कण्हेर, रुई, डिफेनबेकिया आत आणूच नये.

आणि शेवटी कायद्याची गोष्ट. नाग, धामण, घोरपड, घोयरा, चांदणी कासव यांपैकी काहीही घरी पाळणं हा भारतात गुन्हा आहे, पेटी कितीही हिरवीगार असली तरी. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीतला परदेशी प्राणी असेल, तर २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ संकेतस्थळावर त्याची नोंदणी करावी लागते. तस्करीतून आलेलं पिल्लू स्वस्तात मिळालं म्हणून घेऊ नका. रीतसर नोंदलेला प्राणी घरी असेल तर त्याच्यासाठी फांदी जरूर आणा. पण ती लावण्याआधी तो रानात कुठे राहतो, हे नीट वाचा आणि जाणत्याला विचारा. फोटो चांगला यावा म्हणून लावायची असेल, तर प्राणी पाळू नका. कुंडीत झाड लावा.