हू-इज : नोंदवही उघडी असावी, पण किती?

महसुली कामात मी एक गोष्ट नेहमी गृहीत धरली : मालकीची नोंद उघडी असावी. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर भिलाईत पोलाद कारखाना उभा राहिला, तेव्हा ज्यांची शेते गेली त्यांना भरपाई मागताना आधार होता तो पटवाऱ्याच्या खसऱ्याचा. आज छत्तीसगढची ‘भुइयाँ’ प्रणाली तशीच नोंद कोणालाही घरबसल्या दाखविते. नोंद दडली की दुबळा बुडतो, हे माझे मत अजूनही फारसे बदललेले नाही.

त्याला पहिला तडा गेला तो एका क्षुल्लक कामाने. येथील आमच्या मराठी मंडळासाठी मी ‘डॉट कॉम’चे एक नाव घेतले आणि अर्जात, सरकारी सवयीने, घरचा पत्ता व दूरध्वनी अचूक लिहिला. महिन्याभरात अनोळखी विक्रेते जेवणाच्या वेळी फोन करू लागले. ‘हू-इज’, म्हणजे ‘हा कोण?’, या सार्वजनिक नोंदवहीत माझे सारे तपशील जगापुढे मांडलेले होते!

ही वही जुनी आहे. तिचे नियम मार्च १९८२ मध्ये अमेरिकेतील आर्पानेटसाठी प्रसिद्ध झाले. सांभाळणारे केंद्र कॅलिफोर्नियातील एसआरआय संस्थेत होते. नाव, टपालाचा पत्ता, दूरध्वनी, ई-टपाल असे सारे त्यात मागितले होते. जाळे बिघडले तर कोणाला हाक मारायची, हे कळावे एवढाच हेतू. वापरणारे थोडे आणि बहुधा एकाच बिरादरीतले; गावच्या चावडीसारखा तो प्रकार होता. पुढे जाळे जगभर पसरले, चावडी मात्र तशीच उघडी राहिली. आपल्याकडे ‘डॉट इन’ची नावे २००४ अखेरपर्यंत जेमतेम सात हजार होती, २००५ मध्ये निक्सी या संस्थेने कारभार घेतला आणि दार सर्वांना खुले झाले.

युरोपचा विदा-संरक्षण कायदा २५ मे २०१८ रोजी लागू झाला. त्याच्या आठच दिवस आधी आयकॅनने घाईने तात्पुरते नियम करून व्यक्तींचे तपशील झाकले. (प्रशासनात असेच होते, वीस वर्षांची चर्चा एका मुदतीपुढे आठवड्यात संपते.) २८ जानेवारी २०२५ पासून ‘डॉट कॉम’सारख्या नावांसाठी ‘हू-इज’ची सक्तीही उरली नाही, तिची जागा घेणाऱ्या आरडॅप पद्धतीत कोणाला किती दाखवायचे हे ठरविता येते.

यात तोटाही आहे. नोकरीचे आमिष दाखविणाऱ्या बनावट संकेतस्थळामागे कोण आहे, हे फसलेल्या तरुणाला आता स्वतः पाहता येत नाही. कारण देऊन माहिती मागावी लागते. पण खसऱ्यात शेतकऱ्याचे नाव व क्षेत्र असते, त्याचा दूरध्वनी नसतो. तेवढा विवेक ‘हू-इज’ने प्रारंभीच दाखविला असता, तर सारेच झाकण्याची वेळ आली नसती.

आमच्या मंडळाच्या नोंदीत आता फक्त राज्य आणि देश दिसतो. फोन थांबले. मध्यंतरी पुण्यास स्थायिक झालेल्या एका जुन्या सभासदाला आमचा पत्ता हवा होता; तो त्यांना गणेशोत्सवाच्या जुन्या निमंत्रणपत्रिकेवर सापडला.