रापणीचा किनारा आणि ट्रॉलरचा धक्का

गोमंतकाच्या इतिहासाचा विचार करताना आपली दृष्टी बहुधा राजवटी, देवालये, चर्च आणि कायदे ह्यांकडे वळते. ज्या मासळीवाचून येथील हिंदू व ख्रिस्ती अशा दोन्ही घरांतील जेवण अपुरे वाटते, तिचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. मांडवीच्या उत्तर तीरावरील मालीम, साळ नदीच्या मुखाजवळील कुटबण, बार्देशातील शापोरा आणि वास्कोचा खारीवाडा ही मासेमारीची ठिकाणे आज सर्वांस परिचित आहेत. परंतु यांत्रिक नौकेने धक्क्याला लागून मासळी उतरवावी, ही गोष्ट गोव्यात फार जुनी नाही. १९६१ पूर्वी सागरी मासळीचा मोठा भाग वाळूवर उतरत असे. वाळूवरून धक्क्यावर झालेल्या ह्या स्थलांतरात केवळ जागा बदलली नाही. मासळीवर हक्क कोणाचा, ह्या प्रश्नाचे उत्तरही बदलले.

जुन्या व्यवस्थेचा कणा म्हणजे रापण. पावसाळा ओसरला, नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण झाला, की खारवी आणि गाबीत वस्त्यांत रापणीची तयारी सुरू होई. जाणते लोक किनाऱ्यावरून पाण्याचा बदललेला रंग आणि घिरट्या घालणारे पक्षी पाहून बांगड्यांचा थवा ओळखीत. मग जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून उलांडीची होडी वल्हवीत समुद्रात न्यावयाची, थव्याला अर्धवर्तुळाकार वेढा घालावयाचा आणि दुसरे टोक काही अंतरावर पुन्हा वाळूला आणावयाचे. ह्या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याने शिवलेल्या असत. जाळे इतके लांब आणि जड असे, की ते ओढण्यास दोन्ही टोकांना मिळून पाचपन्नास माणसे लागत. एकट्यादुकट्याने करावयाचा हा धंदाच नव्हे.

जाळे वाळूवर आले, की वाटे पडत. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्यांचे वाटे ठरलेले असत. ओढताना हात लावणारा शेजारीही सहसा रिकाम्या हाताने परतत नसे. ही व्यवस्था सर्वत्र समतेची होती, असे समजण्याचे कारण नाही. काही रापणी पैसेवाल्या मालकाच्या असत आणि तेथे मालकाचा वाटा जड होई. तरीही मासळीचे वाटप सर्वांच्या डोळ्यांदेखत होई, आणि पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणाऱ्या स्त्रीला तिचा माल त्याच वाळूवर मिळे.

बांगडे आणि तारले विपुल सापडले, की ते सर्व ताजे खपणे शक्य नसे. काही मासळी मिठात मुरे, काही उन्हात वाळे आणि उरलेली माडांच्या बुंध्यांशी खत म्हणून जाई. मे महिन्यात पुरुमेंताच्या बाजारात खारे बांगडे आणि सुकी सुंगटे विकत घेऊन घरोघर पावसाळ्याची बेगमी होई. साठवणीचा हा शब्द पोर्तुगीजांतून आला, पण तो गोमंतकीय स्वयंपाकघराने पूर्णपणे आपलासा केला. तेफळे घातलेले बांगड्याचे हुमण, उडदमेथी आणि पावसाळ्यातील सुक्या सुंगटांचे किसमूर हे पदार्थ म्हणजे ह्या ऋतुचक्राचीच फळे होत.

गोवा मुक्त झाल्यानंतरच्या दोन दशकांत हे चित्र पालटले. शासकीय कर्जे आणि अनुदाने ह्यांच्या आधाराने यांत्रिक नौका आल्या. ट्रॉलरला खोल पाणी हवे, डिझेल हवे, बर्फ हवा. त्यामुळे तो वाळू सोडून नदीमुखांतील धक्क्यांकडे वळला. त्याचे जाळे समुद्रतळ घासून मुख्यतः कोळंबी गोळा करी, आणि कोळंबीला परदेशांत भाव होता. १९७२ साली केंद्र सरकारने सागरी उत्पादनांच्या निर्यातीसाठी स्वतंत्र प्राधिकरणच स्थापन केले. ज्यांच्यापाशी भांडवल होते अशा, प्रसंगी मच्छीमार नसलेल्या लोकांनीही नौका घेतल्या. किनाऱ्यालगत येऊन ट्रॉलर मासळी ओढू लागले आणि रापणीची जाळी रिकामी येऊ लागली. त्यातून सत्तरच्या दशकात रापणकारांचे प्रखर आंदोलन उभे राहिले. माथानी साल्ढाणा हे त्याचे अग्रणी. १९८० च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने यांत्रिक नौकांना किनाऱ्यालगतच्या पाण्यापासून दूर ठेवण्याचा अधिकार शासनाला मिळाला. कायदा झाला, पण समुद्रावर रेघ ओढता येत नाही. तिची राखण गस्तीवर अवलंबून राहिली. २०१७ मध्ये केंद्राने प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस बंदी घातली, तेव्हाही तक्रारीचे मूळ हेच होते.

आजच्या धक्क्यावर पहाटेची लगबग कमी नाही. नौकेवरच मासळीची प्रतवारी होते, बर्फ फोडला जातो, खोकी उतरतात, लिलाव पुकारला जातो आणि ट्रक घाऊक बाजाराकडे निघतात. नौकेवरील पुष्कळसे खलाशी ओडिशा, झारखंड आणि कर्नाटक येथून आलेले असतात. जून आणि जुलैच्या बंदीत ते गावी जातात आणि धक्का शांत होतो. म्हणजे येथे वाट्याची जागा मजुरीने व लिलावाने घेतली. किरकोळ विक्री करणाऱ्या स्त्रीला आता बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याशी सामना करावा लागतो. २०१८ च्या जुलैमध्ये परप्रांतांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मॅलिन असल्याच्या संशयावरून गोव्यात खळबळ उडाली आणि आयात काही काळ थांबविण्यात आली. समुद्रकाठच्या ह्या प्रदेशाचे ताट बाहेरून येणाऱ्या ट्रकांवर किती अवलंबून आहे, हे त्या दिवसांत सर्वांना उमगले.

यंत्र आले नसते तर बरे झाले असते, असा ह्याचा अर्थ नव्हे. वल्ह्यांवर जन्म काढणाऱ्याचे कष्ट अपार होते, आणि आज मोटार लावलेली होडी पारंपरिक मच्छीमारही वापरतो. प्रश्न यंत्राचा नसून वाट्याचा आहे. रापणीच्या शब्दसंपत्तीत वाटणीचे, ओढणीचे आणि ऋतूंचे शब्द होते. धक्क्याच्या भाषेत खोके, टन आणि दर आहेत. रापण ओढलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. किनारी गावांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी हे शब्द आणि वाटणीच्या ह्या रीती टिपून ठेवल्या, तर ते कार्य केवळ कोशाच्या उपयोगाचे ठरणार नाही. समुद्र कोणाचा, ह्या प्रश्नावर जेव्हा पुन्हा विचार होईल, तेव्हा ज्यांनी तो वाटून खाल्ला त्यांची साक्ष आपल्यापाशी असेल.