जनुकांचे नियमन आणि सिकल सेल आजार

मानवी शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत सारखाच डीएनए असतो. प्रथिने तयार करण्याची माहिती त्यातील सुमारे २० हजार जनुकांत साठवलेली असते. तरीही यकृताची पेशी, मेंदूची पेशी आणि रक्तपेशी यांची कामे वेगवेगळी असतात, कारण प्रत्येक पेशीत यांपैकी ठरावीक जनुकेच कार्यरत असतात. कोणते जनुक केव्हा, कोठे व किती प्रमाणात सक्रिय राहावे हे ठरविणाऱ्या व्यवस्थेस जनुक नियमन म्हणतात.

फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रान्स्वा जाकोब व जाक मोनो यांनी १९६१ मध्ये या व्यवस्थेचे मूलभूत तत्त्व मांडले. दुग्धशर्करा पचविणारी जीवाणूंची जनुके ती शर्करा उपलब्ध असतानाच सक्रिय होतात. एरवी एक प्रथिन त्यांना रोखून धरते, असे त्यांनी दाखवून दिले. मानवी पेशींतील नियमन याहून गुंतागुंतीचे आहे. जनुकाचे कार्य वाढविणारे डीएनएचे खंड, त्यांना चिकटणारी नियामक प्रथिने, डीएनएची सैल वा घट्ट गुंडाळी आणि सूक्ष्म आरएनए हे सर्व घटक त्यात सहभागी असतात. सूक्ष्म आरएनएच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या नियमनाचे वैद्यकीय महत्त्व सिकल सेल आजाराच्या उदाहरणातून स्पष्ट होते. बीटा ग्लोबिन जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे हिमोग्लोबिन सदोष बनते, तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. तीव्र वेदना, रक्तक्षय व अवयवांची हानी हे त्याचे परिणाम होत. मात्र गर्भावस्थेत शरीर गॅमा ग्लोबिनपासून बनलेले वेगळे हिमोग्लोबिन वापरते, म्हणून नवजात अर्भकात सहसा लक्षणे दिसत नाहीत. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा ग्लोबिनचे जनुक जवळजवळ निष्क्रिय होते आणि आजार प्रकट होऊ लागतो.

हे जनुक निष्क्रिय ठेवण्यात बीसीएल११ए या नियामक प्रथिनाचा मोठा वाटा असतो. इतर पेशींनाही या प्रथिनाची गरज असल्याने ते सर्वत्र नष्ट करणे धोक्याचे ठरते. त्यामुळे केवळ तांबड्या पेशींच्या वंशात त्याचे उत्पादन वाढविणारा डीएनएचा खंड संशोधकांनी लक्ष्य केला. रुग्णाच्याच रक्तमूलपेशी काढून क्रिस्पर तंत्राने तो खंड छेदला जातो आणि त्या पेशी पुन्हा शरीरात सोडल्या जातात. मूळ दोष तसाच राहतो. परंतु गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊन रुग्णाला आराम मिळतो. ‘कॅसजेव्ही’ या नावाच्या या उपचारास ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मान्यता दिली.

विदर्भासह मध्य भारतातील आदिवासी भागांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. २०४७ पर्यंत त्याचे निर्मूलन करण्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली. जनुकीय उपचाराची अमेरिकेतील किंमत सुमारे २२ लाख डॉलर असून त्यापूर्वी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते. त्यामुळे बहुतांश रुग्णांसाठी हायड्रॉक्सियुरिया हेच आवाक्यातील औषध आहे. तेही मुख्यतः गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचेच प्रमाण वाढविते.