शोधसुलभता, संकेतस्थळांची : पेण व रोहा

संकेतस्थळावरील मजकूर शोधयंत्रास वाचता यावा, त्याची अचूक नोंद व्हावी आणि संबंधित पृच्छेच्या उत्तरांत तो वरच्या क्रमांकावर यावा, या हेतूने केलेली मजकुराची मांडणी म्हणजे शोधसुलभता होय. व्यवसायात ती ‘एसईओ’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा ही तालुक्यांची ठिकाणे या विषयाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहेत. कारण पहिल्याचे नाव रोमन लिपीत एका सर्वपरिचित वस्तूचे नाव ठरते, तर दुसऱ्याचे नाव मराठीत विभक्तिप्रत्यय लागताच पालटते.

स्थलनामे शोधता येण्याजोगी करण्याचा खटाटोप संगणकाच्या पुष्कळ आधीचा आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कुलाबा व जंजिरा यांवरील अकरावा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रमुख गावांची माहिती रोमन वर्णानुक्रमे दिलेली असून, एखादे नाव साहेबी कानाला कसे ऐकू आले यावर त्याचे ग्रंथातील स्थान अवलंबून असे. शोधयंत्राची मूळ कल्पनाही ग्रंथाच्या सूचीसारखीच आहे : यंत्र असंख्य पाने वाचून कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची उलट सूची तयार करते. मॅक्‌गिल विद्यापीठात १९९० मध्ये तयार झालेले ‘आर्ची’ हे केवळ धारिकांची नावे शोधी. १९९४ मध्ये ‘वेबक्रॉलर’ने पानांतील संपूर्ण मजकुराची सूची केली, तर १९९५ च्या अखेरीस ‘अल्टाव्हिस्टा’ अवतरले. या काळात शब्दांची पुनरावृत्ती हाच क्रमांक वाढविण्याचा राजमार्ग होता. पार्श्वभूमीच्याच रंगात शेकडो शब्द लपवून ठेवण्याची युक्ती सर्रास वापरली जाई. लॅरी पेज व सर्जी ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीत मात्र एखाद्या पानाकडे इतर किती व कोणती पाने निर्देश करतात, यास महत्त्व आले. शास्त्रीय निबंधांचे मोल त्यांच्या अवतरणांवरून ठरविण्याची रीत ग्रंथालयशास्त्रात आधीपासून होती. तिचेच हे रूपांतर होय.

मराठीच्या वाट्याला हा इतिहास उशिरा आला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तथापि पुढे अनेक वर्षे मराठी संकेतस्थळे निरनिराळ्या संस्थांच्या टंकांवर चालत राहिली. या टंकांत देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी बसविलेली असत. वाचकास पडद्यावर शुद्ध मराठी दिसे, पण शोधयंत्रास रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी तेवढी मिळे. ज्या वर्षांत मराठी वृत्तपत्रे प्रथमच महाजालावर आली, त्याच वर्षांतील बराच मजकूर असा छापला जाऊनही सूचीबाहेर राहिला. ही हानी क्रमांक घसरण्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. जे सूचीतच नाही त्याला क्रमांक कोठून असणार?

लिपीचा प्रश्न सुटल्यावर व्याकरणाचा उभा राहिला. ‘पेण’ला प्रत्यय लागून ‘पेणला’, ‘पेणचा’ अशी रूपे होतात व मूळ शब्द ओळखता येतो. रोहा गावाचे नाव ‘रोहा’ व ‘रोहे’ अशा दोन्ही प्रकारे लिहिले जाते. ही दोन्ही रूपे ‘रोह्याला’, ‘रोह्याचा’ या सामान्यरूपात एक होतात. मनुष्याला हे सांगावे लागत नाही. अक्षरशः जुळणी पाहणाऱ्या यंत्राला मात्र हे तीन वेगळे शब्द वाटतात. त्यात नगरपरिषदेचे नाव कुंडलिकेपलीकडील अष्टमीसह ‘रोहा अष्टमी’ असे आहे. वाक्याचा संदर्भ लक्षात घेणारी ‘बर्ट’ ही प्रणाली गूगलने २०१९ मध्ये प्रथम इंग्रजीत आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मराठीसह सत्तरहून अधिक भाषांत लागू केली. त्यामुळे अडचण सौम्य झाली. तरीही शीर्षकात मूळ रूप व मजकुरात स्वाभाविक रूपे ठेवणे हाच उत्तम मार्ग आहे.

जिल्ह्याच्या नावानेही गोंधळ वाढविला. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्यापूर्वीचे दस्तऐवज ‘कुलाबा’ या नावाखाली शोधू गेल्यास मुंबईचा दक्षिण भाग पुढे येतो. जनगणनेच्या इंग्रजी अहवालांत रायगडचे जे रोमन रूप वापरले गेले, ते छत्तीसगढमधील रायगढ जिल्ह्याच्या नावाशी तंतोतंत जुळते. रोमन लिपीतील ‘पेण’ तर इंग्रजीतील लेखणीच होते. म्हणून पानावर तालुका, जिल्हा व राज्य यांचा उल्लेख करणे हा येथे उपचार नसून ओळखीचा एकमेव आधार ठरतो.

पेणच्या गणेशमूर्तींच्या व्यवसायात या शास्त्राला खरा आर्थिक अर्थ आहे. पेण शहराबरोबरच हमरापूर, जोहे, तांबडशेत या गावांत कारखाने असून, तेथून न रंगविलेल्या कच्च्या मूर्तीही इतरत्र जातात. मुंबई, ठाणे व पुणे येथे भाद्रपदापूर्वी ‘पेणच्या सुबक मूर्ती मिळतील’ असे फलक लागतात. महाजालावर याच फलकाची जागा विक्रीच्या पानांनी घेतली. विशेष असे की, गावाचे नाव घेऊन वरच्या क्रमांकावर येणारा विक्रेता गावातलाच असतो असे नाही. मोठ्या विक्रेत्याजवळ लेखनिक, छायाचित्रकार व निर्देश देणारी इतर पाने असतात. मूर्तिकाराजवळ बहुधा छायाचित्रेच असतात आणि यंत्राला चित्रापेक्षा शब्द अधिक विश्वासाने वाचता येतात. ‘शाडूची दीड फुटी बैठी मूर्ती, पेण’ एवढी ओळ चित्रास जोडली तरी ते सूचीत नेमक्या जागी पडू शकते. दुसरी चूक हंगामी स्वरूपाची आहे. दरवर्षी नवे पान काढून जुने पुसून टाकल्यास त्याकडे जमलेले निर्देश व्यर्थ जातात. एकाच पत्त्यावर वर्षानुवर्षे मजकूर सुधारीत राहणे अधिक हितावह असते. नकाशावरील विनामूल्य नोंद लहान कारखान्यास विशेष उपकारक ठरते, कारण तेथे प्रत्यक्ष ठिकाणास वजन असते.

रोह्याची गोष्ट उलट आहे. कोकण रेल्वेचा प्रारंभ रोह्यापासून होतो; मुंबई-गोवा महामार्ग मात्र त्याच तालुक्यातील कोलाडवरून जातो. कुंडलिकेच्या प्रवाहातील नौकाविहारामुळे पर्यटकांच्या शोधात कोलाड हेच नाव रूढ झाले आणि तालुक्याचे मुख्य ठिकाण मागे पडले. लोक जो शब्द शोधतात तोच लिहावा, हा या व्यवसायाचा पहिला नियम. त्याचे पालन करता करता जुनी नावे झाकली जातात, हे त्याचे कमी चर्चिले गेलेले फळ आहे.

शब्दांच्या निरर्थक भरण्याला व उसन्या मजकुराला आळा घालण्यासाठी गूगलने २०११ मध्ये ‘पांडा’ व २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ हे बदल केले. पानाच्या अंतर्भागात दडविलेल्या कळशब्दांचा क्रमांकासाठी वापर होत नाही, हे तर २००९ मध्येच जाहीर झाले होते. तरी ते भरून देण्याचे मोल घेणारे सल्लागार नंतरही आढळत. २०२४ पासून भारतात शोधयंत्र काही पृच्छांना स्वतःच सारांशरूप उत्तर देऊ लागले आहे. अशा उत्तरात मूर्तीचे वर्णन वाचून ग्राहक तेथेच थांबला, तर ते वर्णन मुळात ज्या कारखान्याच्या पानावरून घेतले त्या पानापर्यंत तो पोहोचत नाही.