प्रॉडक्टस घराण्याची वाटणी

इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा चुनखडक फोडला की त्यातून वाटीसारखे फुगीर शिंपले निघतात. सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वी, कार्बॉनिफेरस काळात, तिथे उबदार, उथळ समुद्र होता. शिंपला म्हटलं तरी हा प्राणी आपल्या तिसऱ्यांच्या कुळातला नव्हे, ब्रॅकिओपॉडांच्या कुळातला. तिसऱ्यांच्या दोन्ही झडपा सारख्या असतात. ब्रॅकिओपॉडाच्या झडपा मात्र एकमेकींहून वेगळ्या, आणि त्यातली कुठलीही घेऊन मधोमध रेघ मारली तर डावं-उजवं तंतोतंत जुळतं.

विल्यम मार्टिन यांनी 1809 साली डर्बीशायरच्या जीवाश्मांवरच्या सचित्र ग्रंथात या शिंपल्यांची नोंद केली. पाच वर्षांनी जेम्स सॉवर्बी यांनी त्यांच्यासाठी ‘प्रॉडक्टस’ ही प्रजाती मांडली. पुढे शंभर वर्षं, एक झडप फुगीर आणि दुसरी सपाट किंवा आत दबलेली दिसली की शिंपला बहुधा याच नावाखाली जाई. बोटाच्या पेराएवढा शिंपलाही प्रॉडक्टस आणि फुटाहून रुंद ‘जायगँटिअस’ ही जातही प्रॉडक्टसच. बेल्जियमच्या लिएज शहरात द कोनिंक यांनी 1847 मध्ये या गटावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ब्रिटनमधल्या जीवाश्म ब्रॅकिओपॉडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करणाऱ्या टॉमस डेव्हिडसन यांनी आपल्या ग्रंथातली चित्रं शिळाछापाच्या दगडावर स्वतःच्या हाताने काढली. ती आजही समोर ठेवून काम करावं इतकी चोख आहेत.

खरी ओळख मात्र काट्यांत होती. या प्राण्यांच्या कवचावर पोकळ काटे असत. खडक फुटतो तेव्हा कवच एका बाजूला सुटतं आणि काटे मोडून दगडातच राहतात. हाती येणाऱ्या शिंपल्यावर उरतात फक्त बारीक पुळ्या. भिंगाखाली धरलं तर एखादीच्या टोकाला मोडलेल्या काट्याचं छिद्र दिसतं. या पुळ्या ओळीत आहेत की विखुरलेल्या, बिजागरीच्या कडेलाच आहेत की दोन्ही झडपांवर, यावरून घराणी वेगळी काढता येतात.

काट्यांचं काम काय, याचा एक सुंदर पुरावा 1876 साली स्कॉटलंडमधून आला. रॉबर्ट एथरिज (धाकटे) यांनी वर्णन केलेल्या चिमुकल्या शिंपल्यांनी आपले काटे क्रिनॉइड या समुद्री प्राण्याच्या देठाला घट्ट वेढले होते. मोठेपणी बहुतेक प्रॉडक्टस-वर्गीय प्राणी फुगीर झडप चिखलात रुतवून बसत. काटे त्यांना बुडू देत नसत आणि वर वळलेली कवचाची कड गाळाच्या वर राही.

‘प्रॉडक्टस’सारख्या सैल नावाचा काळगणनेलाही उपयोग होत नाही. पंजाबातल्या सॉल्ट रेंजमधून (आज पाकिस्तानात) अँड्र्यू फ्लेमिंग आदींनी जमवलेले ब्रॅकिओपॉड डेव्हिडसन यांनी 1862 मध्ये कार्बॉनिफेरस म्हणूनच प्रसिद्ध केले. तिथल्या खडकाला पुढे ‘प्रॉडक्टस चुनखडक’ असंच नाव पडलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम वागेन यांनी त्यातल्या जीवाश्मांचा तपशीलवार अभ्यास करून कितीतरी नव्या प्रजाती मांडल्या. आज तो खडक कार्बॉनिफेरसनंतरच्या पर्मियन काळातला मानला जातो.

वाटणीला ब्रिटनमध्ये नेट आला तो 1914 मध्ये. आयव्हर टॉमस यांनी पुळ्यांचे आडवे पट्टे असलेले शिंपले ‘पुस्टुला’ आणि ‘ओव्हरटोनिया’ या प्रजातींत वेगळे काढले. माझ्या मते या कथेतलं हे सर्वांत धाडसी पाऊल, कारण बाह्य आकाराचा जुना आधार त्याने हलवला. लंडनच्या हेलन म्युअर-वुड यांनी 1928 मध्ये मूळ प्रॉडक्टस म्हणजे नेमका कोणता, हे काटेकोर ठरवलं. चोचीकडच्या भागावर उभ्या धारा आणि आडव्या सुरकुत्यांची जाळी मिरवणारा सुपरिचित ‘सेमिरेटिक्युलेटस’ 1930 पासून ‘डिक्टिओक्लोस्टस’ झाला, आणि 1950 मध्ये ‘जायगँटिअस’लाही ‘जायगँटोप्रॉडक्टस’ हे स्वतंत्र घर मिळालं. 1960 मध्ये म्युअर-वुड आणि वॉशिंग्टनचे आर्थर कूपर यांनी सगळ्या घराण्याची नव्याने मांडणी केली.

त्याच दशकात उत्तर आयर्लंडच्या फर्मानामधले शिंपले हॉवर्ड ब्रंटन यांनी अभ्यासले. तिथे कवचाची जागा सिलिकाने घेतली आहे. असा चुनखडक आम्लात ठेवला की दगड विरघळतो आणि कवच काट्यांसकट हाती येतं. मोडक्या पुळ्यांवरून केलेले अंदाज आता अखंड काट्यांशी ताडून पाहता येऊ लागले.